मदत हवी आहे: ब्रेस लावण्याआधी कण्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन करावा का?

नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची असून तिला स्कोलिओसिस आहे. कण्याला छातीच्या भागात उजवीकडे बाक आहे. सहा महिन्यांपूर्वी उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर कॉब अँगल (बाकाचा कोन) 22 अंश होता, तो आता 28 अंश झाला आहे. रिसर (कमरेच्या हाडावरून ठरवलेला हाडांच्या वाढीचा टप्पा) 1 आहे आणि पाळी अजून सुरू झालेली नाही, म्हणजे उंची वाढण्याचा बराच काळ शिल्लक आहे. पुढे वाकल्यावर उजवीकडच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. दुखत मात्र काहीच नाही.

आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ब्रेस (बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक पट्टा) सुचवला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी असे सांगण्यात आले की हा बाक तिन्ही मितींत असल्यामुळे साध्या एक्स-रेवर विसंबू नये, आधी पूर्ण कण्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन करावा आणि पुढेही तो ठरावीक काळाने करत राहावा. मला खर्चापेक्षा किरणांची काळजी अधिक वाटते, कारण तिची वाढ थांबेपर्यंत तपासण्या होतच राहणार आहेत. या स्कॅनमुळे ब्रेसच्या निर्णयात नेमका काय फरक पडतो? ईओएस नावाच्या कमी किरणांच्या यंत्रासाठी दूरच्या शहरात जावे का? आणि पाठीवर केवळ प्रकाश टाकून होणारा स्कॅन एक्स-रेची जागा घेऊ शकतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट असून स्कोलिओसिसच्या मुलांसोबत काम करते. अंतिम निर्णय तुमच्या तज्ज्ञांचाच, पण काही गोष्टी निःशंकपणे सांगता येतील.

बाक तिन्ही मितींत असतो हे खरेच आहे. कणा बाजूला झुकतो, मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि छातीच्या भागातील नैसर्गिक गोलाई बहुधा सपाट होते. बरगड्या वर येतात त्या या पिळामुळे. समोरून काढलेल्या एका चित्रात हे सगळे मावत नाही. तरीही सीटी स्कॅन हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तो निजवून काढतात आणि निजल्यावर शरीराचा भार उतरून बाक कमी दिसतो. ब्रेस केव्हा लावायचा याचे निकष उभ्याने मोजलेल्या कोनावर ठरलेले आहेत, त्यामुळे सीटीवरचा आकडा तुमच्या 22 आणि 28 अंशांशी ताडून पाहता येत नाही. सीटीचा खरा उपयोग शस्त्रक्रियेच्या नियोजनात होतो, जिथे पिळलेल्या मणक्यांत स्क्रू कोणत्या दिशेने बसवायचे ते आधी पाहावे लागते. शस्त्रक्रियेचा विचार साधारण 45 ते 50 अंशांपुढे होतो.

ईओएस यंत्र उभ्या स्थितीत समोरून आणि बाजूने एकाच वेळी चित्र घेते आणि त्यांवरून संगणक कण्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. 1992 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जॉर्ज शारपाक यांच्या संशोधनातून ते विकसित झाले. जवळ असेल तर अवश्य वापरा. त्यासाठी ब्रेस लांबवणे मात्र मला अजिबात पटत नाही. साधा एक्स-रे काढताना किरण पाठीकडून येतील असे उभे करण्यास सांगा, त्याने स्तनांना मिळणारी मात्रा बरीच कमी होते. प्रकाशाचा स्कॅन दोन एक्स-रेंच्या मधल्या काळात बदल टिपायला चांगला आहे, पण तो पाठीचा पृष्ठभाग मोजतो, मणके नव्हे. ब्रेसचे माप घेण्यासाठीही असाच धडाचा त्रिमितीय स्कॅन करतात; तुम्हाला सुचवलेला स्कॅन तो तर नव्हता ना, हे एकदा विचारून घ्या.

मोजणीत सुमारे 5 अंशांची चूक गृहीत धरतात. तुमची वाढ 6 अंशांची आहे आणि वय वाढीचे आहे, म्हणून थांबू नये. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात वाढ पूर्ण होईपर्यंत बाक 50 अंशांच्या आत राहिलेली मुले ब्रेसच्या गटात 72 टक्के, तर केवळ निरीक्षणाखालील गटात 48 टक्के होती. ब्रेस जितके जास्त तास घातला तितका फायदा अधिक दिसला. ब्रेस मिळाल्यावर तो घालून एक एक्स-रे काढतात आणि बाक किती सरळ होतो ते पाहतात. तो आकडा तज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि इथे कळवा.