पऱ्हाटीची उष्णता मोजून राहिलो, बॉम्ब कॅलरीमीटरचं रीडिंग दर वेळी वेगळं येते

राजेहो, बीएस्सीले आहो, गाव यवतमाळकडचं. कापूस झाला की आमच्याकडे पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर ढीग लावतात, चुलीले लागते तेवढी नेतात अन् बाकी वावरातच पेटवून देतात, म्हणून प्रोजेक्टले तेच घेतलं की यात उष्णता तरी किती आहे पाहू. बॉम्ब कॅलरीमीटर म्हणजे पाण्यात ठेवलेलं बंद भांडं, त्यात ऑक्सिजन भरून नमुना जाळायचा अन् पाणी किती तापलं ते पायचं. मशीन तपासाले जाळतात त्या बेंझोइक ॲसिडचं बरोबर येऊन राहिलं पण पऱ्हाटीचं कधी 15 येते कधी 17 किलोज्यूल पर ग्रॅम. मशीन बिघडली काय? अन् हाच आकडा चुलीले लागू होते का?

लॅबवाला भाऊ:
मशीन चांगली आहे. बेंझोइक ॲसिड ग्रॅमले 26.4 किलोज्यूल देते, तुझ्या कॅलरीमीटरचा स्थिरांक (एक डिग्री तापाले लागणारी उष्णता) 10 किलोज्यूलच्या आसपास असंन तर एका ग्रॅमले पाणी अडीच डिग्रीच्या वर चढते, ते बरोबर येऊन राहिलं म्हणजे थर्मामीटर, फ्यूज वायर, 25-30 ॲटमॉस्फिअर ऑक्सिजन सगळं ठीक. घोळ सॅम्पलमध्ये आहे. चिमट्यानं (झाड उपटाच्या अवजारानं) उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाले काळी माती चिकटून येते, ती जळत नाही पण वजनात धरल्या जाते. जळाल्यावर क्रुसिबलमधली (नमुना ठेवतो त्या वाटीतली) राख तोलून पाय, लगेच समजते. दुसरं म्हणजे भुकटी दाबून केलेल्या एका गोळीत साल जास्त, दुसरीत आतली काडी, मग रीडिंग कसं जुळंन? मुळं कापून टाक, बाकी सगळं बारीक दळ, चाळ, मिसळ, 105 डिग्रीले ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळव, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड कर अन् लगेच तोल, भुकटी हवेतली ओल लय लवकर ओढते. बॉम्ब उघडल्यावर काजळी दिसली तर नमुना पुरा जळला नाही, ते रीडिंग धरूच नको.

रसायनवाले सर:
चुलीचं विचारलंस ते महत्त्वाचं आहे, बहुतेक जण तिथंच फसतात. बॉम्ब बंद असतो, जळताना झालेली वाफ आतच पाणी होते आणि तिची उष्णताही तुझ्या रीडिंगमध्ये येते, चुलीत ती वाफ धुरासोबत निघून जाते. कोरड्या लाकडात साधारण 6 टक्के हायड्रोजन धर, एक ग्रॅम हायड्रोजनचं नऊ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ग्रॅमभर काडीमागे 0.54 ग्रॅम पाणी, त्याला 2.44 नं (एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागणारे किलोज्यूल) गुण, 1.3 किलोज्यूल तिथंच गेले. वर पऱ्हाटीत 20 टक्के ओल असेल तर जळणारं फक्त 0.8 ग्रॅम आणि ओल उडवायला अजून अर्धा किलोज्यूल. तुझे 17 होते ते 12 वर आले, आणि यात चुलीच्या बाजूनं वाया जाणारी आच धरलेलीच नाही. म्हणून रिपोर्टात आकड्यापुढे कोरड्या वजनावर की ओल्या, वाफेची उष्णता धरून की वगळून, हे लिहायलाच पाहिजे.

प्रश्न विचारणारा:
सर, म्हणजे ढिगातून आणल्या आणल्या ओल वेगळी काढून ठेवू ना? तुऱ्हाटीसोबत (तुरीच्या वाळक्या काड्या) तुलना करायची आहे.

रसायनवाले सर:
हो, दोन्हीची ओल आणल्याच दिवशी काढ, तुलना मात्र कोरड्या वजनावरच कर.

लॅबवाला भाऊ:
अन् एक, ऑक्सिजनच्या फिटिंगले तेल-ग्रीस अजिबात लावू नको, फायर करताना बॉम्बवर वाकून उभा राहू नको.