मार्चमधल्या पहिल्या क्रिटेरियमआधी थंडीतला सराव

चाकोरी_आइंडहोवन
नमस्कार मंडळी. मार्चच्या सुरुवातीला सायकल क्लबची क्रिटेरियम (छोट्या बंद मार्गावर फेऱ्या मारायची शर्यत) आहे, तासाभराची. हाताशी आठ आठवडे, आठवड्याला जेमतेम आठ तास. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येते ती सर्वाधिक ताकद) २४० वॅट. बाहेर २-३ अंश, वारा आणि वर रिमझिम. सगळा सराव घरात ट्रेनरवरच (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) उरकला तर चालेल का? बाहेर पडलं की दोन जोड मोजे घालूनही पायाची बोटं बधिर होतात, त्यावर काय करायचं?

घाटमाथा
बधिर होताहेत ती बहुधा त्या दुसऱ्या मोज्यामुळेच. बूट आवळला की बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही. एकच लोकरी मोजा घाला, आत बोटं हलली पाहिजेत, वरून निओप्रीनचं शू-कव्हर. रोड सायकलिंगच्या बुटाला तळाशी क्लीटजवळ (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) भोकं असतात, तिथून गार हवा शिरते. इनसोल काढून भोकांवर आतून चिकटपट्टी मारा आणि इनसोलखाली पोळ्या गुंडाळायची फॉइल कापून घाला. छाती-पोटही झाका. धड गार पडलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, मग हातमोजे कितीही महागाचे असोत. अंगाला चिकटून बसणारा बेस लेअर, लांब बाह्यांची थर्मल जर्सी, वर विंडप्रूफ जिलेट (बिनबाह्यांचं जॅकेट). दारातून निघताना थोडं कुडकुडायला हवं. तिथेच ऊब वाटली तर वीस मिनिटांत घाम येणार आणि पुढे तोच घाम गारठवणार. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना वारा पाठीवर घ्या.

कोरडे उणे दोन अंश परवडले, पावसातले चार नकोत. २०१३ साली इटलीतल्या मिलान-सान रेमोत बर्फ-पावसामुळे शर्यत मध्येच थांबवून रायडरना बसने तुर्किनो घाटापलीकडे नेलं होतं. आपण तर घरी बसायला मोकळे आहोत.

वॅटवाला
सगळं घरात नको. जोराचं काम आत, लांबचं आणि वळणांचं बाहेर.

पहिले चार आठवडे मंगळवार-गुरुवार ट्रेनरवर सव्वा-सव्वा तास, त्यात २० मिनिटांचे दोन सेट, एफटीपीच्या ८८ ते ९२ टक्के, म्हणजे तुमचे २१० ते २२० वॅट. शनिवारी तीन तास बाहेर १३५ ते १८० वॅटमध्ये, रविवारी दोन तास आणखी सैल. पुढचे तीन आठवडे मंगळवारी ३ मिनिटांचे पाच सेट, २७५ वॅटच्या आसपास, मध्ये तेवढीच विश्रांती. गुरुवारचा सराव मात्र बाहेर काढा: मोकळ्या औद्योगिक वसाहतीत वळणातून निघून १० ते १२ सेकंदांचे स्प्रिंट. क्रिटेरियममध्ये माणूस मागे पडतो तो इथेच, आणि हे ट्रेनर शिकवत नाही. शेवटच्या आठवड्यात तास निम्मे करा, पण दोन-तीन छोटे झटके ठेवा.

ट्रेनरसमोर मोठा पंखा हवाच, नाहीतर हृदयगती चढत जाते आणि वॅट घसरतात. आतली एफटीपी वेगळी मोजा, बऱ्याच जणांची बाहेरपेक्षा कमी भरते. पॉवर मीटर (सायकलवरचं वॅट मोजणारं यंत्र) असेल तर सायकल १५-२० मिनिटं बाहेर गार होऊ द्या आणि मग मीटर शून्यावर आणा, म्हणजेच कॅलिब्रेट करा. घरातून काढल्या काढल्या कॅलिब्रेट केलात तर आकडे चुकण्याची शक्यता जास्त.

टायरचंही तसंच. २० अंशांत ७५ पीएसआय भरलेत तर बाहेर २ अंशांत ७० च्या आसपास उरतात. ते भरून काढायला जाऊ नका, ओल्या रस्त्यावर तेवढे कमीच बरे.

चाकोरी_आइंडहोवन
धन्यवाद! खायला गुळाची चिक्की चालेल का?

घाटमाथा
चव उत्तम, पण २ अंशांत ती दगड होते आणि जाड हातमोज्यांनी तुटत नाही. बी काढलेला खजूर किंवा जॅम लावलेला ब्रेड जर्सीच्या मागच्या खिशात, जिलेटच्या आत ठेवा. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, तेव्हा बाटलीत कोमट भरा आणि तासाला निदान अर्धा लिटर संपवा.

वॅटवाला
एक राहिलं. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असेल तर घरी आल्यावर लगेच सायकलवर साधं पाणी ओता, प्रेशर-पंप बेअरिंगवर मारू नका. चेन पुसून वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल) घाला. रात्री शून्याखाली गेलं असेल तर सकाळी अकरापूर्वी निघू नका, आणि पुलांवर ब्रेक दाबणं टाळा. खालूनही वारा लागत असल्याने तिथे बर्फ आधी धरतो.