नोमोडसेट (लिनक्सचा बूट पर्याय) दर वेळी हातानं टाकावं लागतंय

लिनक्स टाकल्यापासून बूट होताना स्क्रीन काळी पडते, ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) ई दाबून लिनक्सवाल्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहिलं की चालतं पण रीस्टार्ट केलं की परत तेच, कायमचं कसं करू?

उत्तर: ई दाबून केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो. उबुंटू असेल तर ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रबची फाइल आहे, तिथे क्वाएट स्प्लॅश या शब्दांच्या शेजारी नोमोडसेट लिही आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून अपडेट-ग्रब ही कमांड चालव, ते विसरलास तर काहीच बदलणार नाही.

उत्तर: पण कायमचं ठेवू नकोस रे! त्यानं कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मोडसेटिंगच, म्हणजे स्क्रीनचा मोड ठरवणंच, बंद होतं, रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सचा वेग दोन्ही जातं. आधी ग्राफिक्स कार्डचा बरोबर ड्रायव्हर टाक.

प्रश्नकर्ता: ड्रायव्हर टाकला, आता नोमोडसेटशिवाय चालतंय, खूप आभार!