पर्यटननगरीत राहायला जाण्यापूर्वी वस्तीची सुरक्षितता कशी पारखावी?

प्रश्न

नोकरीनिमित्त आम्हा पती-पत्नीला लवकरच एका मोठ्या पर्यटननगरीत कायमचे राहायला जावे लागणार आहे. तेथील गुन्हेगारीचा नकाशा पाहिला तर शहराचा मध्यभाग लालभडक दिसतो. उलट त्याच भागात चार दिवस राहून गेलेले पर्यटक मध्यरात्रीही निर्धास्त फिरल्याचे लिहितात. पत्नीचे काम रात्री उशिरा संपणार असल्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी वरवरचा नाही. यांपैकी कशावर विसंबावे आणि घर पक्के करण्यापूर्वी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गुन्ह्यांचा दर सहसा दर लाख लोकसंख्येमागे काढतात आणि ती लोकसंख्या म्हणजे कायमचे रहिवासी. पण ज्यांची पाकिटे मारली जातात त्यांत पाहुण्यांचाच भरणा असतो, त्यामुळे रहिवासी थोडे आणि वर्दळ प्रचंड अशा मध्यभागाचा दर आपोआप फुगतो. हद्दींचा घोळ वेगळाच: लास व्हेगासचा जगप्रसिद्ध ‘स्ट्रिप’, म्हणजे कॅसिनो आणि हॉटेलांचा रस्ता, बहुतांशी शहराच्या हद्दीत नसून पॅराडाइज नावाच्या वसाहतीत मोडतो. आकडेवारीवरून शहरांची क्रमवारी लावू नये, असे एफबीआय स्वतःच बजावत आली आहे, तरी दरवर्षी ‘सर्वांत धोकादायक शहरां’च्या याद्या निघतातच.

म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून गुन्ह्यांचे प्रकार वेगळे करून पाहावेत. पाकीटमारी आणि बॅगा लांबवणे हे पाहुण्यांचे दुखणे आहे, तर घरफोडी, वाहनचोरी आणि रात्री रस्त्यात होणारी मारहाण ही रहिवाशांची. नकाशावरच्या ठिपक्यांवरही फार भिस्त नको, कारण इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या नकाशावर घटना नेमक्या जागी न दाखवता जवळच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर दाखवतात.

उत्तर २

वरील उत्तराला एक पुरवणी. आपण ‘वस्ती’ म्हणतो, पण धोका त्याहून बराच लहान जागेत एकवटलेला असतो. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातील पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक दूरध्वनी जेमतेम तीन टक्के पत्त्यांशी निगडित निघाले. तेव्हा ज्या इमारतीत घर घ्यायचे तेथून थांब्यापर्यंतचा रस्ता, पत्नी ज्या वेळी परतणार त्याच वेळी, दोघांनी चालून पाहावा. सुट्टीच्या दिवशी सकाळी मारलेली फेरी काहीच सांगत नाही.

इमारतीचा दरवाजाही जवळून निरखावा. बाहेरच्या जाळीला अंक जुळवून उघडणाऱ्या छोट्या किल्लीपेट्या ओळीने लटकत असतील, टपालपेट्यांवर नावांऐवजी नुसते खोलीक्रमांक असतील आणि जिन्यात चाकांच्या बॅगांनी भिंतीचा रंग कंबरेखाली खरवडलेला असेल, तर तेथील घरे पर्यटकांना भाड्याने दिली जातात आणि शेजारी दर आठवड्याला बदलतात. शहरांच्या जडणघडणीवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावर असणाऱ्या नजरांचे महत्त्व मांडले. त्यांनी अनोळखी माणसांची वर्दळही उपकारक मानली, पण तो रस्ता आपला मानणारे दुकानदार आणि रहिवासी त्यात गृहीत होते. जिन्यात दिसलेला माणूस पाहुणा की चोर, हे ओळखणारेच कोणी नसेल तर नजरा असून नसल्यासारख्या.

उत्तर ३

चालून पाहण्याचा सल्ला योग्य आहे, परंतु डोळेही फसवतात. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीव्हन रॉडनबुश यांनी शिकागोतील वस्त्यांच्या अभ्यासातून २००४ मध्ये दाखवले की, एखाद्या भागात किती बेशिस्त आहे याबद्दलचे लोकांचे मत प्रत्यक्ष दिसणाऱ्या कचऱ्यापेक्षा तेथे कोणत्या वंशाचे आणि किती गरीब लोक राहतात यावर अधिक ठरत होते. भिंतींवर रंगाने खरडलेली अक्षरे-चित्रे आणि कोपऱ्यावर गप्पा मारणारी मुले पाहून भाग नापसंत करू नये. ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते. रात्रपाळीच्या औषध दुकानदाराला किंवा शेवटच्या बसच्या चालकाला ‘अंधार पडल्यावर तुम्ही स्वतः कोणता रस्ता टाळता?’ असे विचारावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पाहणीसाठी हंगामातच जावे, की गर्दी ओसरल्यावर?

उत्तर २

एकदाच जाणे शक्य असेल तर गर्दी ओसरल्यावर जावे. हंगामातील गोंगाट आणि पाकीटमारीचा अंदाज इतरांच्या लेखनावरून येतो, पण हंगाम संपल्यावर किती खिडक्यांत दिवे उरतात आणि खालची दुकाने उघडी राहतात का, हे पाहुण्यांच्या अभिप्रायांत कोठेच सापडत नाही. शक्य असल्यास पहिला भाडेकरार अल्प मुदतीचा करावा. मात्र हंगाम सुरू होताच घर रिकामे करायला लावणारे कलम त्यात नाही ना, हे सहीपूर्वी वाचून घ्यावे.