गोदावरीला जागा सोडायची की भिंत बांधायची?

पंचवटीकर
2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकला गोदावरीचे घाट वाढवायची, काठ बांधून काढायची भाषा परत ऐकू येतेय. माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो नुसता भावनेपोटी नाही.

वोल्फगांग युंक या जर्मन शास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या पूरमैदानांवर वर्षानुवर्षं काम केलं. 1989 साली पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स यांच्यासोबत त्याने मांडलं की पूर हा अशा नदीच्या जगण्याचाच भाग आहे. पाणी चढलं की मासे पुराच्या जमिनीत चरतात, वाढतात. गाळ जमिनीला कस देतो. पाणी उतरताना अन्न पात्रात परत येतं. म्हणजे पूर पोचतो तिथवर नदीच. काठाला भिंत घातली की ही देवाणघेवाण तुटते, आणि पसरायला जागा न मिळालेलं पाणी उंच चढतं.

आपण काय केलं? 2003 च्या सिंहस्थाआधी रामकुंड परिसरात नदीच्या तळावर काँक्रीट ओतलं. प्राचीन कुंडांचे जिवंत झरे त्याखाली गेले. आता निदान निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराच्या पाण्यासाठी सरकारने आखलेल्या हद्दीच्या, आत नवं पक्कं बांधकाम नको. घाटसुद्धा नको.

सराफ बाजार
दादा, 2008 आणि 2019 च्या पुरात आमच्या दुकानात पाणी होतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही खालच्या फळीवरचा माल वर न्यायला घेतो. छातीला आलं की शटर ओढून निघायचं, तोवर गल्लीत ढोपरभर पाणी झालेलं असतं. आम्हाला मासे कुठे चरतात ते नका सांगू. भिंत बांधा, गटारांतून नदीचं पाणी उलटं बाजारात शिरतं ते अडवा. आमची पेढी पूररेषा आखायच्या कितीतरी आधीपासून आहे. आता दुरुस्तीची परवानगी मागायला गेलं तरी ती रेषा दाखवतात.

निवृत्त अभियंता, कॉलेजरोड
पंचवटीकर, शास्त्राचा आधार घेताय तर पूर्ण घ्या. युंक यांची मांडणी मोठ्या नद्यांसाठी आहे, जिथे पूर ठरल्या वेळी येतो आणि महिनोन्महिने राहतो. उगमाजवळच्या लहान प्रवाहांत पूर अचानक येतो आणि थोडक्यात ओसरतो, जीवसृष्टीला त्याचा फारसा फायदा घेता येत नाही, हेही त्याच लेखात आहे. गोदावरीचा उगम, ब्रह्मगिरी, इथून तीसेक किलोमीटरवर. आपला पूर तासांचा.

शिवाय नाशिकचा पूर बराचसा गंगापूर धरणातून पाणी कधी आणि किती सोडतात यावर ठरतो. पावसाचा अंदाज पाहून आधीच थोडं थोडं सोडलं तर पुराची कमाल पातळी खाली येते. खरा वाद तिथे घाला.

पंचवटीकर
साहेब, मुद्दा बरोबर आहे, ॲमेझॉन जसंच्या तसं इथे लागू होत नाही. पण पूर तासांचा आहे म्हणूनच जागा जास्त लागते. सावकाश चढणाऱ्या पाण्यात माणसं हलवता येतात, इथे तेवढा वेळ मिळत नाही. आणि धरणाखाली नासर्डी, वाघाडी या छोट्या नद्या येऊन मिळतात. शहरावर पडलेला पाऊस त्या आणतात, त्यांना कुठलं गेट आहे?

जीवसृष्टीचं म्हणाल, तर गोदावरीला मिळणाऱ्या दारणेतला एक छोटासा मासा 1938 साली देवळालीहून शास्त्राला पहिल्यांदा कळला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या लहान नद्यांतही गमावण्यासारखं पुष्कळ आहे.

निफाड तालुका
नाशिककर भिंती बांधणार आणि पाणी जोरात आमच्याकडे पाठवणार. नदीच्या खालच्या अंगाला चांदोरी-सायखेड्याला या, सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा ढीग अडकतो आणि पाणी गावात घुसतं. त्या पाणवेली तुमच्या सांडपाण्यावर पोसलेल्या. म्हणून भिंतीला माझाही विरोध.

पण पर्यावरणवाल्यांशीही माझं भांडण आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ साचलाय, मागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा आमच्या उसात येतो. 2020 ला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, जाहीर झाला, पक्ष्यांचं कौतुक झालं. गाळ काढायचं म्हटलं की पाणथळ जागेचं कारण पुढे. जागा सोडायची ती दरवेळी आमच्याच शेतात का?

सराफ बाजार
हेच म्हणतोय मी. जागा सोडा म्हणणाऱ्याची स्वतःची जागा कधीच जात नाही.

पंचवटीकर
शेठ, म्हणूनच नेदरलँड्सचं उदाहरण देतो. 1995 च्या पुरात तिथे अडीच लाखांच्या आसपास लोक हलवावे लागले. त्यानंतर नुसते बांध उंचावत बसायचं सोडून त्यांनी नद्यांना जागा द्यायचं ठरवलं. नायमेगेन शहरात बांध 350 मीटर मागे नेला आणि नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. घरं हलवावी लागलीच, पण मोबदला देऊन. तुमच्या पेढीवर आणि चांदोरीच्या उसावर तसा मोबदला आधी ठरला पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य. जुन्या बाजाराला हात न लावता नवं बांधकाम थांबवणं तर आजच जमेल.

निवृत्त अभियंता, कॉलेजरोड
नेदरलँड्सकडे पैसा होता आणि अनेक वर्षं हाताशी होती. इथे 2027 ची शाहीस्नानं ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, लाखो लोक काठावर उभे राहणार. घाट न वाढवता ही गर्दी कुठे उभी करायची? याचं उत्तर दिल्याशिवाय तुमची मागणी मला अर्धीच वाटते.

पंचवटीकर
पर्वात गर्दी निळ्या रेषेच्या बाहेर थांबवायची आणि टप्प्याटप्प्याने खाली सोडायची. चार घाट जास्त असले म्हणून काय, धरणातून अचानक पाणी सोडावं लागलं तर लाखभर माणूस लवकर वर येत नाही, उलट अडकलेले जास्त असतात.