मदत हवी आहे : पुरवठादारांच्या मालातील सुधारणा टिकवावी कशी?

सर्वांस नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची लहान दालमिल असून, आम्ही 14 गावांतील शेतकरी गटांकडून तूर घेतो. हमीभाव खरेदीच्या निकषाप्रमाणे तुरीत 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. आमच्याकडे मात्र जानेवारीत 15 टक्क्यांचे कट्टे येतात, शिवाय काहींत खडे आणि काडीकचराही असतो.

गेल्या हंगामात आम्ही प्रत्येक गटाला मालाच्या दर्जाचे गुणपत्रक दिले आणि ओलाव्यानुसार भावात कपात सुरू केली. माल सुधारला नाहीच, उलट दोन चांगले गट व्यापाऱ्याकडे गेले. फरक पडला तो एकाच गावात. तिथे आमचा माणूस मॉइश्चर मीटर घेऊन थेट खळ्यावर गेला, मूठभर तूर त्यात टाकून आकडा शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवला आणि ताडपत्रीवर पसरून आणखी दोन दिवस ऊन दाखवायला सांगितले. त्या गटाचे चुकारेही आम्ही आठवड्यात केले, कारण पैसा वेळेवर मिळण्याची खात्री नसेल तर कोणीही माल वाळवण्यासाठी थांबत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

परंतु सर्व गावांत माणूस पाठवणे आम्हाला झेपणारे नाही. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : सुरुवात मोजक्या गटांपासून करावी का? कपातीऐवजी चांगल्या मालाला क्विंटलमागे जास्त भाव दिल्यास सुधारणा टिकते का? आणि आमचा माणूस जाणे थांबल्यावर गटातीलच कोणी ही तपासणी पुढे चालवावी, यासाठी काय करावे लागते? नवी आवक सुरू होण्यापूर्वी आम्हाला निर्णय घ्यायचा आहे.