तीन गोळ्या चालू, तरी आईचं बीपी उतरेना

फोंडेकर: लघवीची धरून तीन गोळ्या चालू, तरी १६०/१००च. खारा बांगडा, लोणचं सगळं बंद केलं, आता डॉक्टर म्हणतात हार्मोन तपासा, हे काय नवीन?

म्हापशाची मावशी: नवीन कसलं, कॉन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनी १९५५ लाच सांगितलंय. किडनीवरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त सुटलं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि बीपी चढतं. माझं पोटॅशियम ३.१ पर्यंत उतरलेलं, रात्री पायात गोळे यायचे, घरचे म्हणायचे वय झालं!

पेडणेकर: अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो करा (रेनिन म्हणजे किडनीतून सुटणारं एन्झाइम), रक्ताचीच टेस्ट. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी करा, बऱ्याच जणांचं नॉर्मलच असतं. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, रिझल्ट बिघडतो.

फोंडेकर: ती गोळी नाय. उद्याच आईचं रक्त तपासायला देतो.